शेवटचा रकाना

त्सुकुबात आमच्या शेजारी राहणारे आजोबा भूकंपानंतर फुकुशिमाच्या किनाऱ्यावरून आले होते. गाव रिकामं झालं, तरी मतदारयादीतलं नाव त्यांनी तिथेच ठेवलं होतं. त्यांच्या वहीत फुकुशिमातून वरिष्ठ सभागृहात निवडून गेलेल्या प्रत्येकाची नोंद होती: साल, मतं आणि शेवटच्या रकान्यात आपण कुणाला मत दिलं ते.

"तुमच्याकडे बोटाला शाई लावतात. इथे उमेदवाराचं नाव हाताने लिहायचं. माझं अक्षर बघून बिचारा पडतोच!" ते म्हणायचे.

त्या उन्हाळ्यातल्या निवडणुकीत त्सुकुबातूनच मत देता यावं म्हणून गावाकडून मतपत्रिकेचं टपाल आलं. त्यांचे हात थरथरायचे, म्हणून ते मला उघडायला देऊन चहा करायला आत गेले. मी आतलं लहान पाकीटही कापलं. ते इथल्या नगरपालिकेत अधिकाऱ्यासमोरच उघडायचं होतं. तशी सूचना त्यावर छापलेली होती. इतकी कांजी, म्हणजे जपानी चित्रलिपी, वाचायचा मी कंटाळा केला. नगरपालिकेत गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी वाकून माफी मागितली. मत देता येणार नव्हतं आणि नवी पत्रिका मागवायला दिवस उरले नव्हते.

"मी आधी सांगायला हवं होतं, जोशी-सान," परतताना ते म्हणाले.

निकालानंतर त्यांनी नेहमीप्रमाणे वही दाखवली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पाकीट आधीच उघडलं गेलं.' कुणी उघडलं, ते लिहिलं नव्हतं.