अजमानच्या भट्टीतली नानकटाई

दुबईशेजारच्या अजमानमध्ये आमच्या बिल्डिंगखालच्या इजिप्शियन बेकरीतून मी दर शनिवारी बसबूसा आणते. रव्याची, पाकात मुरलेली, प्रत्येक वडीवर एक बदाम. डाएट रविवारपासून.

सांगलीहून सासूबाई आल्या, तेव्हा त्यात अंडं नसल्याची तीनदा खात्री करून त्यांनीही ती खाल्ली आणि बोटं चाटली. पण त्यांना इथे करमेना. नात इंग्रजीत बोलणार, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. "इथे माझं काय आहे?" असं म्हणत त्यांनी दिवाळीआधीच्या तिकिटाचा लकडा लावला. मला मात्र त्या हव्या होत्या. घरात कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की माझा अर्धा शीण लिफ्टमध्येच उतरायचा.

एका शनिवारी बेकरीत त्यांना कहक दिसले. इजिप्तमध्ये ईदला करतात ती, पिठीसाखर भुरभुरवलेली बिस्किटं. ही तर आपली नानकटाई, असं म्हणून त्या कितीतरी वेळ काचेपाशी उभ्या राहिल्या.

सोमवारी मी ऑफिसातून आले तर त्या घरात नाहीत. मैद्याचा डबा नाही, तुपाची बरणीही नाही. धावत खाली गेले तर सासूबाई पदर खोचून बेकरीच्या काउंटरपाशी उभ्या, पुढ्यात सगळं सामान मांडलेलं. सांगलीत दिवाळीआधी बायका असं सामान घेऊन बेकरीत जातात आणि नानकटाई भाजून आणतात. इथेही तसंच असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिडून मी त्यांना वर चला म्हटलं आणि म्हाताऱ्या मालकाची माफी मागू लागले.

त्याने हातानेच मला थांबवलं.

"मेरा मदर भी सेम," तो म्हणाला. "ईद से पहले ट्रे लेके बेकरी जाता था. पूरा गली लाइन में." मग सासूबाईंकडे वळून म्हणाला, "यल्ला मामा, चलो माँजी, ओवन गरम है."

गोळे सासूबाईंनीच वळले. पहिली नानकटाई त्याला दिली, दुसरी मला. जरा जास्तच भाजली गेली होती, पण मी चार खाल्ल्या. आपल्या चिडण्याची मला लाज वाटत होती.

वर जाताना लिफ्टमध्ये मी भीत भीत तिकिटाचा विषय काढला. गरम डबा पोटाशी धरून त्या म्हणाल्या, "दिवाळीनंतरचं काढ. आता माझी बेकरी आहे इथे."