आग्रहाला कुणी नाही

“मरायला पाठवायचं म्हण ना सरळ. आश्रम कशाला म्हणतेस?”

“काय वाटेल ते म्हणा. आज पहाटे वन्संच्या अंगाखालची चादर कुणी बदलली? तुम्ही?”

“मी बँकेत जाऊ की चादरी धुवत बसू?”

“तेच म्हणतेय मी. तुम्ही बँकेत जाता, वृंदा कॉलेजात जाते. घरात उरते कोण? मी आणि माझी ही पाठ.”

भांडण स्वयंपाकघरात, दबक्या आवाजात चाललं होतं. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मोठ्याने भांडायची सोयच नव्हती. पलीकडच्या खोलीत, नुसत्या पडद्याआड, गुरुदत्तची थोरली बहीण शकुन पडून होती. हॉस्पिटलात तिचं पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी न्या, म्हणाले. हवं ते खाऊ घाला. ह्याचा अर्थ काय ते न कळण्याइतकं घरात कुणी लहान नव्हतं.

“जिनं मला वाढवलं तिला परक्यांच्या हवाली करू? नागपूरची माणसं काय म्हणतील?”

“नागपूरच्या माणसांना बोलवा मग. एकेकाला आठवडाभर ठेवून घेऊ.” कालिंदीने पातेलं मोरीत आदळलं, आणि आवाज झाला म्हणून स्वतःच दचकली. “अहो, त्यांना रात्रभर कळा येतात. तो कंपाउंडर सुई टोचायला आला तर आला. गेल्या बंदला नाही, परवा दिवे गेले तर नाही. बेहाल्याच्या आश्रमात चोवीस तास नर्स असते. मी निदान बघून तरी येते.”

“बघ. तुझं समाधान होऊ दे,” गुरुदत्त म्हणाला आणि चपला घालून निघाला. जाताना पडदा सारून “अक्का, येतो गं,” म्हणाला. आतून उत्तर आलं, “ये हो. माझी काळजी करू नकोस.”

हे वाक्य शकुन जन्मभर म्हणत आली होती. आईबाप गेल्यावर ती आणि लहानगा गुरुदत्त नागपूरला काकांच्या घरी वाढले. काकू वाईट नव्हती, पण तिच्या ताटांत दोन ताटं वाढली होती हे ती विसरतही नसे आणि विसरूही देत नसे. परक्या घरात मागणारी पोर डोळ्यावर येते, नको म्हणणारी खपून जाते, हे शकुन फार लवकर शिकली. पुढे शिकली-सवरली, कलकत्त्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला आली, भावाला मागोमाग आणून बँकेत चिकटवलं, त्याचं लग्न लावलं. स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हाही “नको गं बाई” म्हणाली, आणि दुसऱ्यांदा विचारायला तिला कुणी नव्हतं.

अमरावतीहून लग्न होऊन आलेल्या कालिंदीला हे पहिल्याच आठवड्यात उमजलं होतं. “वन्सं, पोळी वाढू?” “नको.” “अर्धी?” ताटावर हात आडवा. आणि तिसऱ्यांदा, न विचारता, हात बाजूला सारून पोळी वाढली की वन्सं ती निमूट, चवीने, शेवटच्या तुकड्यापर्यंत खायच्या. माहेरीही थोडंफार असंच होतं. पहिलं विचारणं ही चौकशी, दुसरं ही माया, आणि तिसऱ्यांदा जो वाढतो तोच खरा. पण वन्संच्या बाबतीत तिसऱ्याशिवाय काही घडतच नसे. ह्यावरून त्या दोघी नणंदा-भावजया हसायच्याही. “तुमच्या ताटाशी कुस्ती खेळावी लागते,” कालिंदी म्हणायची. “मग बळ राहतं अंगात,” वन्सं म्हणायच्या.

बेहाल्याला कालिंदी वृंदाला घेऊन गेली. वृंदाला बंगाली पाण्यासारखं येई, मराठीच तिला शोधावं लागे. असाध्य रोग्यांसाठी एका ट्रस्टने चालवलेलं ते जुनं बैठं घर होतं. मागे तळं, पुढे आवार. चालवणाऱ्या मालतीदी पांढऱ्या साडीतल्या, कोरड्या चेहऱ्याच्या, पण पाहुण्यांना भिंतीवरची देणगीदारांची नावं दाखवणाऱ्यांपैकी नव्हत्या.

कालिंदीने त्यांचं बोलणं नंतरवर टाकलं आणि आधी स्वयंपाकघर गाठलं. भाताच्या तपेल्यावरचं झाकण उचलून वास घेतला. धुतलेल्या चादरी उलटून डाग पाहिले. खाटांखाली वाकून पाहिलं. एका म्हातारीच्या पायाशी बसून, गप्पा मारता मारता, तिची टाच हातात घेऊन बघितली. पडून पडून जखम होते ती आधी तिथे.

“आई, किती लाज आणतेस,” वृंदा कुजबुजली.

“लाज त्यांना वाटू दे, टाच खराब असली तर.”

टाच स्वच्छ होती. तेल लावलेली होती. कालिंदीने मग मालतीदींना हिंदीत सरळच विचारलं, रात्री कुशीवर कोण वळवतं, कळ आली तर सुई कोण देतं, डॉक्टर कुठे राहतो. मालतीदींनी एकाही प्रश्नाला बगल दिली नाही. शेवटी म्हणाल्या, “एक नियम सांगून ठेवते. आम्ही इथे कुणावर काही लादत नाही. जेवण नाही, औषध नाही, देवाचं नावसुद्धा नाही. आलेल्या माणसाच्या हातात दुसरं काही उरलेलं नसतं. निदान हो आणि नाही तरी त्याचं असावं.”

कालिंदीला हे इतकं आवडलं की घरी आल्यावर तिने भाताच्या आणि टाचेच्याही आधी नवऱ्याला तेच सांगितलं. “अहो, इतका मान कुठल्या हॉस्पिटलात मिळतो?” गुरुदत्तने आधी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “तिला विचार.”

कालिंदीने विचारलं. वन्सं म्हणाल्या, “मला काय गं, कुठेही चालेल. तुझी पाठ आधीच गेलीय.”

पुन्हा काही तिने विचारलं नाही.

वन्सं बेहाल्याला गेल्या आणि घर एकदम मोठं झालं. फिनेलचा वास गेला. वृंदा आत्याच्या खाटेवर पुस्तकं पसरून अभ्यास करू लागली. गुरुदत्त रात्रभर झोपू लागला आणि सकाळी अपराधी तोंडाने दाढी करू लागला. कालिंदी तर पहिले काही दिवस दुपारी अशी झोपे की उठल्यावर कुठल्या गावात आहोत ते कळत नसे. भेटीच्या दिवशी तिघेही जात. वन्सं धुतलेल्या चादरीवर, वेणी घातलेल्या, पडलेल्या असत. “छान आहे हो सगळं. उगाच येता एवढ्या लांब.” त्या वाळत चालल्या होत्या, पण वाळणारच, असं प्रत्येकाने मनाशी म्हटलं.

एका भेटीला गुरुदत्तला बँकेत थांबावं लागलं म्हणून मायलेकीच गेल्या. खिडकीतून उजेड वन्संच्या तोंडावर पडला होता. ओठ भेगाळून पांढरे पडले होते. जीभ सुकलेल्या आवळ्यासारखी. कालिंदीने कपाळावर हात ठेवला तर वन्सं दात आवळून पडलेल्या. हाताखाली कपाळाची शीर उडत होती.

तिने जवळच्या आयाला हाक मारली. गोल चेहऱ्याची ती बाई आनंदाने धावत आली आणि भराभर बंगालीत बोलू लागली.

“काय म्हणते?”

“ती म्हणते, आत्यासारखी चांगली पेशंट कुणीच नाही.” वृंदा हसत सांगू लागली. “भात देऊ विचारलं तर नको म्हणते. दूध विचारलं तर नको. आत्या पाणीपण खात नाही...”

मराठीत पाणी खात नाहीत, पितात, हे एरवी कालिंदीने लगेच म्हटलं असतं.

“आणि कळ? सुई?”

वृंदाने विचारलं. उत्तर ऐकताना तिचं हसू मावळलं. “रोज विचारते, म्हणते. सकाळी, संध्याकाळी, रात्री. आत्या दर वेळी नको म्हणते. ती म्हणते, बाकीचे ओरडतात, शिव्या देतात. ही बिचारी काही मागतच नाही.”

कालिंदी उठून तडक मालतीदींच्या खोलीत गेली.

“तुम्ही माझ्या नणंदेला उपाशी ठेवलंत.”

मालतीदी रागावल्या नाहीत. “प्रत्येक वेळी विचारलंय. बायका खोटं सांगत नाहीत माझ्या.”

“एकदा विचारलंत! आमच्यात असं एकदा विचारून होत नाही. त्यांचं नको म्हणजे नको नसतं.”

“मग केव्हा असतं?”



“विचारू नका, देऊन टाका,” ती शेवटी म्हणाली. “हात बाजूला सारा आणि द्या.”

“शुद्धीवरच्या बाईला, ती नाही म्हणत असताना, सुई टोचू? असं मी एकीच्या बाबतीत केलं तर उद्या सगळ्यांच्या बाबतीत होईल. मग हे घर आणि बाहेरची हॉस्पिटलं ह्यांत फरक काय राहिला?”

“मग मी येऊन बसते रोज. मी हो म्हणते त्यांच्या वतीने.”

“भेटीच्या वेळेबाहेर नातेवाईक नाही ठेवता येत. दोन खोल्यांत इतकी माणसं आहेत, प्रत्येकीची सून येऊन बसली तर?” मग खाली बघत मालतीदींनी विचारलं, “घरी तुम्ही किती वेळा विचारत होता?”

सुरुवातीला, हो. सुरुवातीला चमचा ओठांशी धरून अर्धा अर्धा तास बसली होती कालिंदी. नंतर मात्र वाटी हातात घेऊन दारातूनच, “वन्सं, पेज घेता का?” “नको गं.” आणि ती वळायची. वळताना बरं वाटायचं. एक चादर कमी भिजणार, असंही कधी मनात यायचं. इथल्या बायका निदान खाटेपाशी येऊन विचारत होत्या. भात तपासला, टाच तपासली. आणि जी गोष्ट तपासायची ती कौतुकाने नवऱ्याला सांगितली.

ती परत खाटेशी आली. पदर ओला करून वन्संचे ओठ टिपले. त्यांनी ते पाणी चोखून घेतलं, लहान मूल घेतं तसं, आणि लगेच शरमून तोंड फिरवलं.

“वन्सं, घरी चला.”

“नको गं. इथे बरं आहे.”

“मी करीन सगळं. चला.”

वन्संनी हात आडवा केला. ताट नव्हतं, नुसत्या चादरीवरच केला. कालिंदीने तो हात बाजूला सारला, आपल्या हातात धरून ठेवला.

“चला म्हणते ना मी. मी घेऊनच जाणार.”

आता त्या गप्प बसतील, निमूट मान हलवतील, असं तिला वाटलं. पण वन्संनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, “नको, कालिंदी.”

तिसऱ्यांदा त्या आजवर कधी नको म्हणाल्या नव्हत्या. हे खरं नको होतं? की खाटेवर पसरलेली वृंदाची पुस्तकं, शांत झोपलेला भाऊ, हे सगळं त्यांना इथे पडल्या पडल्या दिसत होतं? की आता तीनदा पुरत नव्हतं, पाचदा, दहादा विचारायला हवं होतं? त्या चेहऱ्यावर कालिंदीला काही वाचता येईना. इतकी वर्षं एका घरात काढूनही येईना. आयाने येऊन भेटीची वेळ संपल्याचं सांगितलं.

ट्रामने परत येताना वृंदा म्हणाली, “आई, घरी तर ती सुईपण मिळणार नाही ना. तिथे निदान आहे तरी.”

“हो,” कालिंदी म्हणाली.

“मग?”

तिथे सुई होती आणि आग्रह नव्हता. घरी आग्रह होईल, तोही अंगात बळ असेल तितके दिवस; आणि कंपाउंडर आला तर आला. दोन्हीकडे वन्संना कळा येणारच होत्या. ह्यातलं बरं कुठलं हे सांगायला कलकत्त्यात कुणी नव्हतं, नागपुरात नव्हतं, आणि वन्सं स्वतः तर सांगणारच नव्हत्या.

घरी गुरुदत्त येऊन चहा करून बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर कप बशीत फिरवत म्हणाला, “पण जागा चांगली आहे असं तूच म्हणालीस. आणि अक्का स्वतः नको म्हणते तर...”

“हो. नको म्हणते.”

“मग आपण कोण जबरदस्ती करणारे? तिचाही मान राखायला हवा.”

“मालतीदींसारखंच बोलताय.”

“बाबा बरोबर बोलतायत,” वृंदा हळूच म्हणाली. “माझी परीक्षा आहे, आई.”

कालिंदीने नवऱ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. दोघंही वाईट नव्हती. दोघंही उरलेल्या शांततेला घट्ट धरून बसली होती, आणि तिलाही ती तितकीच हवी होती. पाठीत आत्ताच, नुसत्या विचाराने, कळ उठली होती. ती उठली, वन्संच्या खाटेवरची पुस्तकं गोळा करून वृंदाच्या हातात दिली आणि गादी झटकू लागली.

“उद्या बँकेत रजा सांगा,” ती पाठमोरीच म्हणाली. “सकाळी टॅक्सी आणायची. वन्सं येणार आहेत घरी. त्या नको म्हणतील. तरी आणायचं.”