चला, शिफ्ट सुटली

संध्याकाळचे साडेपाच झाले की भाऊजी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढत, वाकून आतला दिवा बंद केलाय की नाही ते पाहत आणि मग शटर पूर्ण खाली घेत. कुलूप लावून ते ओढून बघायचं, हात झटकायचे आणि आजूबाजूला कोणी असो-नसो, मोठ्यानं म्हणायचं, "चला, शिफ्ट सुटली!" दुकानात मालक तेच, कारागीर तेच, झाडू मारणारेही तेच. त्यामुळे ही शिफ्ट नक्की कोणाची सुटते, हे आमच्या गल्लीत कोणालाच कधी कळलं नाही.

असा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. नोकरीला कंटाळून बाहेर पडतो आणि येताना सगळी नोकरी पिशवीत भरून घरी घेऊन येतो.

भाऊजी आमचे शेजारी. आधी भिलाईच्या स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये आमच्या क्वार्टरला लागून त्यांचं क्वार्टर होतं, नंतर दुर्गला बोरसीत आम्ही घर बांधलं तर तिथंही दोन घरं सोडून तेच. मी शाळेत शिकवत होते म्हणून ते मला मॅडम म्हणत. मी त्यांना भाऊजी म्हणायची आणि त्यांच्या बायकोला वहिनी.

प्लांटमध्ये ते मोटर दुरुस्तीच्या विभागात होते. जळलेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी भरायची. घरी यायचे ते हातांना वार्निशचा वास घेऊन, आणि खुशीत यायचे. मग त्यांना प्रमोशन मिळालं, टेबल मिळालं, आणि माणसाचा चेहराच उतरला.

"मले आता मोटर पाहायले भेटत नाही मॅडम, मोटरीचे कागद भेटतात," ते कुंपणावरून सांगत. मग दोन्ही तळवे माझ्यापुढे धरत. "हे पाहा हात. कोणी म्हणन का हा माणूस काम करते?"

आम्ही हसायचो. सगळेच नोकरीबद्दल कुरकुर करतात, त्यातलंच हे एक, असं वाटलं. एक दिवस त्यांनी राजीनामाच देऊन टाकला. वहिनींना विचारलंसुद्धा नाही.

आमच्याकडे प्लांटची पक्की नोकरी आपणहून सोडणारा माणूस म्हणजे डोक्यावर परिणाम झालेला माणूस. भंडाऱ्याहून, वहिनींच्या माहेरून, फोनावर फोन आले. वहिनींचा भाऊ समजूत घालायला स्वतः आला, दोन दिवस राहिला, समजूत काही पटली नाही, पण येताना आणलेला घरचा बंद पडलेला मिक्सर जाताना मात्र दुरुस्त करून घेऊन गेला. वहिनींचं दुःख वेगळं होतं. नोकरीबरोबर क्वार्टर जाणार, आणि क्वार्टरमागे त्यांनी लावलेलं शेवग्याचं झाड जाणार. ते झाड तेव्हा शेंगांनी नुसतं लगडलं होतं.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. प्लांटमधला माणूस साठ वर्षांचा झाला की महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. त्या संध्याकाळी त्याच्या विभागातली माणसं त्याला हार घालून, गुलाल लावून, वाजतगाजत घरी आणून सोडतात. दारात बायको ओवाळायला उभी असते. गल्लीभर पेढे वाटतात. याला म्हणतात विदाई. आणि अशा मिरवणुकीत भाऊजी कायम सगळ्यांच्या पुढे. रिटायर होणाऱ्याशी ओळख असलीच पाहिजे असं नाही, बाजा ऐकू आला की त्यांचे पाय निघालेच. नाच काही फार चांगला नव्हता, एक हात डोक्यावर आणि एक कमरेवर, एवढाच. पण नाचत मात्र मन लावून.

राजीनाम्याला मात्र बाजा नसतो. शेवटच्या दिवशी भाऊजी रोजच्यासारखे स्कूटरवरून आले, हँडलला डबा लटकत होता. मी तेव्हा वहिनींजवळ बसले होते. वहिनी मटार सोलत होत्या. भाऊजी दारात थांबले. बूट काढायचे सोडून नुसतेच उभे राहिले. वहिनींनी मान वर केली नाही. मग त्यांनी बूट काढले, ते नीट भिंतीला लावले आणि आत आले.

"चहा ठेवू?" वहिनींनी विचारलं.

"ठेव," भाऊजी म्हणाले. एवढीच त्यांची विदाई.

बोरसीला त्यांनी दुकान टाकलं. कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, काहीही आणा. काम हातात आलं आणि माणूस पुन्हा खुलला. पण शिस्त सगळी प्लांटची. सकाळी नऊला हजेरी. दुकानात कोणी नसताना मोठ्यानं, "सेफ्टी फर्स्ट!" पायात लोखंडी टोकाचे बूट. एखाद्या दिवशी शटरवर पाटी दिसायची, 'मालक सीएलवर आहेत.' मी विचारलं, "भाऊजी, तुमाले सुट्टी कोण देते?" तर म्हणाले, "अर्ज केला तर भेटते."

एकदा साडेपाचनंतर खुर्सीपारचा एक चहावाला कूलरची मोटर घेऊन धापा टाकत आला. कुलूप लागलेलं.

"शिफ्ट छूट गई भैया। कल आना।"

"पर मालिक तो आप ही हो ना?"

"मालिक हूँ, इसीलिए तो। मैं ही नियम तोड़ूँगा तो बाकी लोग क्या करेंगे?"

बाकी लोग कोण, हे शोधत तो बिचारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत राहिला. घरी लहान मूल आहे आणि उकाड्यानं झोपत नाही, असं तो जाता जाता पुटपुटला. भाऊजींनी मोटर त्याच्या हातातून काढून घेतली आणि घरी व्हरांड्यात बसून करून दिली. हा ओव्हरटाइम आहे, दुकानाशी याचा संबंध नाही, एवढं बजावायला ते विसरले नाहीत.

एका मार्चमध्ये त्यांना सपाटून ताप आला. तशातही बूट चढवून निघाले. वहिनींनी दार अडवलं.

"कुठं निघाले?"

"दुकानात. सीएल सरल्या माझ्या."

"सरल्या तर सरल्या! तुमाले कोण बोलणार आहे?"

भाऊजींनी तापातच थोडा विचार केला. "मीच," ते म्हणाले.

काउंटरच्या मागे जायचं तर हेल्मेट सक्तीचं. त्यातून वहिनीही सुटल्या नाहीत. "मी काय भट्टीत जाऊन राहिली का? डब्बा देऊन राहिली!" असं ओरडत त्या पिवळं हेल्मेट अंबाड्यावर कसंबसं टेकवत. आधी डबा देऊन निघायच्या. मग डबा रिकामा होईपर्यंत थांबू लागल्या. मग हळूहळू साडेपाचपर्यंत. हेल्मेट घालून काउंटरवर बसलेल्या वहिनी गिऱ्हाइकांना झापायच्या, "पंपात पाणी नसताना चालू कावून केला?" आणि मोठमोठी माणसं खाली मान घालून ऐकून घ्यायची. दुकान चांगलं चाललं होतं, दोघांचंही चांगलं चाललं होतं. फक्त त्या मटाराच्या संध्याकाळबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

भाऊजी माझ्याशी एकदा बोलले. गल्लीतल्या कोणाच्या तरी मिरवणुकीत मनसोक्त नाचून ते घामाघूम होऊन आमच्या गेटपाशी टेकले होते. मी पाणी दिलं.

"मॅडम, आपली विदाई तर झालीच नाही," ते म्हणाले. "हार नाही घातला, चालते. बाजा नाही, तेही चालते. पण घरचं माणूस दारात यायले पाहिजे होतं."

मला फार वाईट वाटलं. नेहमी त्यांची टिंगल करणारी मी, त्या दिवशी त्यांचा पेला तेवढा पुन्हा भरून दिला.

त्यांना साठावं लागलं आणि पुरंही होत आलं. एक दिवस काउंटरवर हेल्मेट ठेवत त्यांनी जाहीर केलं, "या महिन्याअखेर माझं रिटायरमेंट आहे."

"कुठून?" मी विचारलं.

"इथून. दुकानातून."

मी हसत सुटले, पण ते हसत नव्हते. साठ म्हणजे साठ. वहिनी इतक्या चिडल्या की हेल्मेट डोक्यावर ठेवूनच माझ्या घरी आल्या. "पाहा मॅडम, चालतं दुकान बंद करून राहिले! एक नोकरी सोडली तेव्हा मले विचारलं नाही, आता हेही मनानंच!"

मी त्यांना चहा दिला आणि भाऊजींचं गेटवरचं ते बोलणं सांगून टाकलं. वहिनी ऐकत राहिल्या. चहा निवला. हेल्मेट काढून त्यांनी मांडीवर घेतलं, पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, "मॅडम, बाजावाले कुठं भेटतात?"

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साडेपाचला भाऊजींनी शटर ओढलं. कुलूप लावून मागे वळतात तर रस्त्यावर बाजा येताना दिसला. बाजामागे चहावाला, हलवाई, पिठाच्या गिरणीवाला, शाळेतल्या आम्ही चौघीजणी, अशी बोरसी-खुर्सीपारची ही गर्दी. ज्याची ज्याची म्हणून मोटर या माणसानं पुन्हा फिरवली होती, तो तो आला होता. भाऊजी बाजूला सरले, वाट करून दिली. आणि मग, काय सांगू तुम्हाला, राहवलंच नाही त्यांना. एक हात डोक्यावर, एक कमरेवर, घुसले नाचायला. नाचता नाचता चहावाल्याला विचारतात, "किसकी विदाई है भैया?"

चहावाल्यानं हार त्यांच्याच गळ्यात घातला.

त्यानंतर मात्र ते नाचले नाहीत. गुलालात माखलेले, पाहुण्यासारखे चालत राहिले. घर आलं तसे ते मागे रेंगाळू लागले. ते दाराकडे बघायलाच तयार नव्हते. शेवटी मीच म्हटलं, "भाऊजी, वर पाहा."

वहिनी दारात उभ्या होत्या. लग्नातला शालू, हातात ताट, ताटात लावलेलं निरांजन.

"तेव्हा मी उठली नाही," वहिनी म्हणाल्या. "लय राग आला होता."

"मग आता गेला?"

"तुमचा गेला. शेवग्याचा आहे अजून."

सगळे हसले. वहिनींनी ओवाळलं, कुंकू लावलं. भाऊजींनी तोंड उघडलं, नेहमीचं काहीतरी म्हणायला. पण त्याआधीच वहिनींनी त्यांच्या हाताला धरून त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, "चला, शिफ्ट सुटली."

आता दोघं नागपूरला मुलीकडे असतात. तिथल्या अख्ख्या बिल्डिंगचे मिक्सर भाऊजी फुकटात दुरुस्त करतात, रिटायर माणसानं कमवायचं नसतं म्हणे. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि ते नवं दुकान रात्री दहापर्यंत उघडं असतं.

महिन्याच्या शेवटी गल्लीत बाजा वाजला की मी अजून गेटवर येते. हार घातलेल्या माणसाकडे मी नंतर बघते. आधी माझी नजर पुढे नाचणाऱ्यांवरून फिरते, एक हात डोक्यावर आणि एक कमरेवर कोणी आहे का ते बघत.