तिघींच्या फोटोतला चौथा

आमच्या रस्त्यावर राहणाऱ्या एका फोटोग्राफर बाईंनी आम्हा दहा जणांना कम्युनिटी सेंटरमध्ये बोलावलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कॅमेरा दिला. "आपला एरिया कशाकशातून तगून राहिला ते तुम्हीच दाखवा. प्रदर्शन इथेच लावू." इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत वीस वर्षं काढल्यावर अशा कामाला माझा हात आपोआप वर जातो. काम येतं की नाही हा विचार घरी पोचल्यावर.

बायको हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. ती म्हणाली, "मी लोकांचे आतले फोटो काढते, तेही सरळ येतात. तू बाहेरचे तरी सरळ काढ."

विषय माझ्या डोक्यात पक्का होता. सेंटर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला त्याला दोन हिवाळे झाले. कौन्सिलला विचारलं की "बघतोय" असं उत्तर येतं. तरी दर बुधवारी दुपारी तिघीजणी कोट घालून तिथल्या किचनमध्ये सूप करतात आणि येईल त्याला वाढतात. एक पंजाबी मावशी, एक जमैकाहून आलेल्या रिटायर्ड नर्स आणि आमच्या शेजारच्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या इंग्लिश आजी, ज्यांनी उभा जन्म बस चालवली. पुढच्या महिन्याच्या अखेरीस आजी ब्रिस्टलला मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. माझ्या गळ्यात कॅमेरा दिसताच म्हणाल्या, "आम्हा तिघींचा एक फोटो काढून दे रे. तिकडे पलंगाशेजारी ठेवीन. निरोपाची दुसरी कुठली भेट नको मला."

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बोट अडलं. समोर तिघी.

आमच्याकडे तिघांचा फोटो काढत नाहीत. काढला तर मधलं माणूस जातं, असं आईनं मला लहानपणापासून बजावलेलं. आता मी इंजिनिअर माणूस, गाड्यांचे ब्रेक तपासतो. अंधश्रद्धेवर महाराष्ट्र मंडळात एकदा वीस मिनिटं बोललोय, टाळ्याही पडल्यात. पण मधे उभ्या होत्या आजी.

तेवढ्यात दारातून पोस्टमन आला. "या, या! जरा इथे उभे राहा!" बिचारा पत्रं छातीशी धरून उभा राहिला.

पुढच्या बुधवारी बॉयलर नुसता बघायला आलेल्या माणसाला उभं केलं. त्यानंतरच्या बुधवारी एक गृहस्थ टॉयलेट कुठंय विचारायला डोकावले, त्यांना. एकदा तर कोणीच सापडेना, दाराशी कुणाचा तरी कुत्रा तेवढा बसलेला. तेव्हा पॅसेजमध्ये जाऊन पुण्याला फोन लावला.

"आई, तीन बायका आणि एक कुत्रा. चालेल?"

"कुत्रा नाही चालत."

"मोठा आहे गं."

"घोडा असला तरी नाही चालत. तूच जाऊन उभा राहा की."

"मग फोटो कोण काढणार?"

"ते मला काय विचारतोस? एवढा शिकलास ना?"

फोटोग्राफर बाईंनी माझे फोटो टेबलावर ओळीनं मांडले. मग म्हणाल्या, "दर वेळी एक नवा परका माणूस, आणि तिघी त्याला आपल्यात सामावून घेतायत. विलक्षण!" खरं सांगायची वेळ तीच होती. पण "विलक्षण" हा शब्द शाळा सुटल्यापासून माझ्या वाट्याला आला नव्हता आणि शाळेत तो माझ्या अक्षराबद्दल होता. मी गंभीरपणे मान डोलावली.

प्रदर्शन लागलं. लोक फोटोंपुढे उभे राहून हळू आवाजात काहीबाही बोलत होते. आजी चष्मा सावरून एकेक फोटो बघत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या. "छान आहेत. पण माझ्या पलंगाशेजारी हा माणूस रोज टॉयलेट शोधत उभा राहणार का?"

आजींचा शेवटचा बुधवार उजाडला. किचनमध्ये गेलो आणि एका दमात सगळं कबूल केलं. आईसकट, कुत्र्यासकट.

नर्सबाई आधी हसल्या. मावशी म्हणाल्या, "माझी सासूपण हेच म्हणायची." आणि हळूच अर्धं पाऊल बाजूला सरकल्या.

आजींनी हातातला डाव खाली ठेवला. "म्हणजे धोका फक्त मधलीला?"

"हो."

"मग एवढं काय त्यात? मधे मीच. मी चौऱ्याऐंशीची आहे. मला काही झालं तर तुझ्या कॅमेऱ्याची चौकशी करायला कोणी येणार नाही."

"तुम्ही कशाला?" नर्सबाई म्हणाल्या. "माझी दोन ऑपरेशनं झालीत. मधे मी." त्यांनी आजींना दंडाला धरून बाजूला केलं. हे बघून मावशींना राहवेना. "सासूचं मी कधी ऐकलंय? सरका दोघी!" म्हणत त्या मधे घुसल्या. आजींनी त्यांना कोपरानं ढकललं. तिघी एकमेकींच्या बाह्या ओढत होत्या, मागे सूप उतू चाललं होतं, बाहेर लोक बाउल वाजवायला लागले होते. मी बटण दाबत राहिलो. मधे कोण होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आजींनी स्क्रीनवर एकेक फोटो सरकवत बघितला आणि एकावर बोट ठेवलं. आजींचे डोळे मिटलेले, नर्सबाईंचं तोंड उघडं आणि मावशींचा नुसता हात आणि अर्धा कान.

"हा हललाय, आजी."

"हाच दे. मोठा करून दे." त्यांनी कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि करपलेल्या टोपाकडे बोट दाखवलं. "आणि आता तो घास. लोक अर्धा तास खोळंबलेत तुझ्यापायी."

घासला.