बाजूच्या सीटवरचा ब्रेक

आमच्या भावोजींनी निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवली आणि स्वतः मात्र जन्मभर बाजूच्या सीटवर बसून राहिले. ड्रायव्हिंग स्कूल होतं त्यांचं. एकच छोटी गाडी, टपावर पिवळी पाटी, पुढे-मागे लाल 'एल' अक्षर, आणि बाजूच्या सीटखाली मास्तरांसाठी बसवलेला दुसरा ब्रेक. शिकाऊ माणूस गडबडला की हूं की चूं न करता तो ब्रेक दाबायचा, हा त्यांचा धंदा. ताई म्हणेल, मी त्यांचं काम फार हलकं करून सांगते. पण ती त्यांची बायको आहे आणि मी मेहुणी. ज्याचा त्याचा हक्क.

गावात त्यांना हळूमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ वळली की हळूमास्तर. 'हळू' या शब्दाशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. मी जेवताना पाणी भराभरा प्यायले तरी म्हणत, "हळू, धाकट्याबाई." मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला दुसऱ्या गिअरच्या पुढे जाऊ दिलं नाही. सायकलवाले ओलांडून जात आणि वर वळून बघत.

घरची अशी वेगळी गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही. लग्नाला, दवाखान्यात, स्टेशनवर पाहुणे आणायला, सगळीकडे शाळेचीच गाडी आणि टपावर पिवळी पाटी. लाल अक्षर पाहिलं की ट्रकवालेसुद्धा दोन हात लांब राहत. भावोजी म्हणत, एवढा मान मंत्र्याच्या गाडीलासुद्धा मिळत नाही. माझी भाची कॉलेजात गेल्यावर मागच्या सीटवर खाली वाकून बसायची, मैत्रिणींना दिसू नये म्हणून. आता तिला दोन मुलं आहेत आणि तीच आठवण ती त्यांना हसत सांगते.

मग एक दिवस शाळा बंद झाली. लोकांना भावोजींनी सांगितलं, गुडघे दुखतात. खरं काय ते त्यांनी फक्त ताईला सांगितलं, आणि ताईच्या पोटात माझ्यापासून काही राहत नाही. झालं होतं असं की बेकरीच्या कोपऱ्यावर एका शिकाऊ बाईंनी ब्रेकऐवजी भलतंच दाबलं. गाडी पुढे उडाली आणि फुटपाथवर रचलेल्या रिकाम्या क्रेटना जाऊन भिडली. माणूस कुणी नव्हतं, क्रेटही रिकामे. बेकरीवाला तर हसतच बाहेर आला. पण भावोजी घरी आले, कपातला चहा गार होईपर्यंत तसेच बसले आणि ताईला म्हणाले, "पाय उशिरा पडला." दुसऱ्या दिवशी टपावरची पाटी उतरली.

मी त्यांची चेष्टा एरवी ऊठसूट करते, पण याची कधी केली नाही. सुताराने हातावर विश्वास टाकावा तसा या माणसाने जन्मभर एका पायावर विश्वास टाकला होता. आता त्या पायाचीच खात्री राहिली नव्हती.

शाळेची गाडी भंगारात गेली आणि घरात पहिल्यांदा घरची गाडी घ्यायची ठरली. मोठी, सगळे मावतील अशी: भाची, जावई, दोन नातवंडं, ताई, भावोजी आणि आगंतुक म्हणून मी. गाडी कोणती यावर एकमत झालं. घोडं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. त्याच गाडीचे दोन प्रकार निघाले, एक साधी आणि एक परफॉर्मन्स. बाहेरून दोघी सख्ख्या बहिणी. पण परफॉर्मन्सचं इंजिन जास्त ताकदीचं, चाकं मोठी, बसणं जरा खाली, आणि चाकांच्या आतून काहीतरी लालभडक दिसायचं. "चार सेकंद आणि थोडं, की शंभरचा वेग," जावई म्हणाला. तो परफॉर्मन्सच्या बाजूने होता. गाडी सासऱ्यांची, हौस जावयाची.

ताई साधीच्या बाजूने. "शंभरला जाऊन आपल्याला कुठे पोचायचंय? भाजी घ्यायला?"

"आई, एकदा बसून तरी बघा."

"बसायला खुर्ची आहे घरात."

माहितीपत्रक डोळ्यांसमोर धरून भावोजी एकेक पान इतक्या सावकाश उलटत होते, की तेही दुसऱ्या गिअरमध्ये आहेत असं वाटावं. मी विचारलं, "भावोजी, तुम्हाला कोणती हवी?" तर म्हणाले, "चालवणार कोण त्यावर आहे." हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कारण घरची गाडी भावोजींनीच चालवायची असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं आणि त्यांनीही नाही म्हटलं नव्हतं. नातवंडांना मागे बसवून आपण स्टिअरिंग धरायचं का, हा प्रश्न त्यांच्या मनात होता, आणि तो प्रश्न माहितीपत्रकात कुठेच छापलेला नव्हता.

चालवून बघायला आम्ही तिघं गेलो, भावोजी, ताई आणि मी. जावयाला ऑफिस होतं, नाहीतर तो घोड्यावरच बसला होता. शोरूम म्हणजे नुसती काच आणि चकचकीत फरशी, पाय ठेवायला भीती वाटावी अशी. मॅनेजर टाय सावरत आले आणि भावोजींना बघून वाकले. हेसुद्धा शिष्यच निघाले, लायसन्सला तिसऱ्या खेपेला पास झालेले. "मास्तर, तुमच्यामुळे शिकलो," ते म्हणाले. भावोजी म्हणाले, "आरसे बघता ना आता?"

आधी साधी गाडी. शोरूमच्या नियमाप्रमाणे मोठ्या रस्त्यापर्यंत मॅनेजरांनी चालवायची, भावोजी बाजूला, आम्ही बहिणी मागे. गाडी छान होती, पलंगावर बसल्यासारखी मऊ. पण माझं लक्ष गाडीकडे नव्हतंच. मी भावोजींचा पाय बघत होते. वळण आलं, पाय दाबला. रिक्षा आडवी आली, पाय दाबला. पायाखाली नवीकोरी चटई सोडून काहीही नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ती समोर बसली होती. मॅनेजरही गंमत अशी की भावोजींचा गुडघा हलला की आपोआप ब्रेक मारायचे. इतक्या वर्षांपूर्वीची सवय, पण शिष्य शेवटी शिष्यच.

मग परफॉर्मन्स आली. रस्ता रुंद आणि मोकळा होता. मॅनेजर कडेला थांबून उतरले. "मास्तर, आता तुम्ही." भावोजी उतरले, गाडीला पुढून वळसा घातला, मग मागून घातला, आणि पुन्हा येऊन बाजूच्या सीटवरच बसले. पट्टासुद्धा लावला. मॅनेजर दार धरून उभे. मी तोंडात पदर कोंबला. ताईने माझ्या मांडीला चिमटा काढला आणि पुढे वाकून म्हणाली, "अहो, पलीकडे."

"हो, हो," भावोजी म्हणाले आणि पट्टा सोडला.

ते स्टिअरिंगवर बसले. क्लच नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला, जुना मित्र न सांगता गाव सोडून गेल्यासारखा. गाडी निघाली. मॅनेजर म्हणाले, "दाबा, मास्तर, मोकळा आहे रस्ता." भावोजींनी दाबलं म्हणे. मला तर बाजूने एक आजोबा चालत पुढे गेलेले दिसले. जरा वेग येतोय असं वाटलं, तोच पुढे एक गाडी दिसली. टपावर पाटी, मागे लाल अक्षर. दुसऱ्या कुठल्यातरी शाळेची शिकाऊ गाडी, अडखळत चाललेली.

झालं. भावोजी तिच्यामागे लागले ते लागलेच. ओलांडणं नाही, हॉर्न नाही. मागून गाड्या कोकलू लागल्या तसे त्यांनी चारही दिवे लुकलुकते केले, काच खाली घेतली आणि हात बाहेर काढून लोकांना बाजूने जायला सांगू लागले. चौकात ती गाडी बंद पडली, दोनदा. भावोजीही दोनदा थांबले. चार सेकंदांत शंभरला जाणारी ती गाडी वरातीसारखी चालली होती आणि मॅनेजरांचा टाय घामाने भिजला होता.

"मास्तर, अहो, पुढे तरी घ्या."

"पुढचा नवीन आहे," भावोजी म्हणाले. "मागून कुणी घाई केली की पाय चुकतो."

शिकाऊ गाडी वळून गेली तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली. मी चेष्टा करणार होते, वाक्यसुद्धा तयार होतं. पण त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढले आणि मला दिसलं, गाडी थांबली तरी पाय ब्रेकवरून निघत नव्हता. ताईलाही दिसलं. ते मागे न बघता म्हणाले, "तू चालव."

ताई त्यांची पहिली विद्यार्थिनी. लग्न झाल्या वर्षीच शिकली, आणि नवऱ्याला बाजूला बसवून पुन्हा कधी चालवायची नाही असा पण तिने त्याच वर्षी केला होता. त्या दिवशी तिने तो मोडला. मॅनेजर मागे माझ्याशेजारी आले, भावोजी बाजूच्या सीटवर. ती बसली, सीट पुढे ओढली, आरसे लावले, चष्मा पुसला आणि पाय दाबला.

मी आजवर देवाचं नाव इतक्या मोठ्याने घेतलेलं नव्हतं. माझी पाठ सीटमध्ये रुतली, पर्स कुठे गेली कळेना, बाहेरची झाडं एकात एक मिसळली. मॅनेजर खुशीत "वा, ताई, वा" करत होते. भाजीला जायला साधी गाडी पुरे म्हणणारी माझी बहीण ओठ मुडपून, डोळे बारीक करून रस्ता खात सुटली होती. भावोजींचे दोन्ही पाय चटईवर ताठ होते. आणि तेवढ्यात कुठूनसं एक कुत्रं रस्त्यात आलं.

ताईने ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, खिळा ठोकल्यासारखी. कुत्र्याने आमच्याकडे बघितलं आणि आपल्या वाटेने निघून गेलं.

मग भावोजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "थांबली."

"हो तर," मॅनेजर म्हणाले, "आणि मास्तर, पळते किती ते पाहिलंत ना?"

"ते राहू द्या. ही किती अंतरात थांबते? आणि ती साधी किती अंतरात?"

मॅनेजरांना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी दोन फोन केले. मग कळलं की परफॉर्मन्सचे ब्रेक मोठे, ती आधी थांबते. चाकांच्या आतलं ते लालभडक दिसत होतं, तेही ब्रेकचंच. भावोजी उतरले, चाकापाशी उकिडवे बसले, नातवाचा गाल बघावा तसं ते लाल काहीतरी कौतुकाने बघत राहिले आणि म्हणाले, "हीच घ्यायची."

गावात बातमी पसरली. हळूमास्तरांनी सगळ्यात वेगवान गाडी घेतली. म्हातारपणी काय ही हौस, असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं, इतकी वर्षं दाबून ठेवलं होतं बिचाऱ्याने. जावई छाती काढून फिरत होता. भावोजींनी कुणाचाच गैरसमज दूर केला नाही. मला वाटतं, तो त्यांना आवडलाच. गाडी खड्ड्यातून गेली की मणके मोजून घ्यावे लागतात, हे मात्र मी सगळ्यांना सांगितलं.

गाडी ताई चालवणार हे न बोलताच ठरलं. गाडी घेताना भावोजींनी शोरूममध्ये एकच गोष्ट विचारली होती, बाजूच्या सीटला दुसरा ब्रेक बसवता येईल का. मॅनेजरांनी हात जोडले. या गाडीत तसं काही करता येत नाही, मास्तर. भावोजी "बरं" म्हणाले. मला त्या 'बरं'चं फार वाईट वाटलं.

पहिल्याच रविवारी आम्ही सगळे निघालो. नातवंडं अगदी मागे, भाची, जावई आणि मी मध्ये. भावोजी बाजूच्या सीटवर बसले आणि खाली बघतच राहिले. चटईवर, बरोबर उजव्या पायाच्या जागी, काळ्या रबराचा एक चौकोन घट्ट चिकटवलेला होता. मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. शाळेच्या गाडीतल्या दुसऱ्या ब्रेकच्या पेडलवरचं रबर. गाडी भंगारात देताना ताईने ते काढून ठेवलं होतं, ते मला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं.

"हे कशाला?" भावोजींनी विचारलं.

"पाय ठेवायला," ताई म्हणाली आणि गाडी सुरू केली.

पुढच्या चौकात सिग्नल लाल झाला. भावोजींचा गुडघा हलला, पाय रबरावर दाबला गेला, आणि त्याच क्षणी गाडी मऊपणे, पांढऱ्या रेघेच्या अलीकडे थांबली. मी मधल्या सीटवर भाची-जावयाच्या मधोमध बसले होते, मला सगळं दिसत होतं. सिग्नल ताईने केव्हाच पाहिला होता. पाय तयार ठेवून ती डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांच्या गुडघ्याची वाट बघत होती.

मी तोंड उघडलं. ताईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मिटलं.

भावोजी समोर बघत होते. "पाय वेळेवर पडला," ते म्हणाले.

"पडला," ताई म्हणाली.