बर्नर साफ करायला घेतलेली सुई

सुई मी घेतली होती. घरात दोन वर्षं सगळे समजून होते की ती माझ्या बायकोने हरवली.

नोएडात थंडी ओसरली की आमच्या घरी गोधड्या कपाटात जातात. त्याआधी उसवलेल्या शिवणी पुन्हा घालायच्या, हा बायकोचा नेम. त्या दिवशी हॉलमध्ये ती तिच्या आईच्या साड्यांची गोधडी शिवत होती. जवळच परातीत चाकवत होता, इथे त्याला बथुआ म्हणतात. पाच पाण्यांनी धुतल्याशिवाय ती पालेभाजी गॅसवर चढवत नसे. नात तेव्हा चार वर्षांची. चाकवताची ताकातली भाजी ती मागून खायची.

बायको गोधडीत सुई खोचून बहिणीचा फोन घ्यायला आत गेली. गॅसची ज्योत पिवळी येत होती, बर्नरची भोकं बुजलेली. मी दोऱ्यातून सुई काढली आणि भोकं साफ केली. तेवढ्यात बेल वाजली, पार्सल आलं होतं. त्या गडबडीत सुई ओट्यावर ठेवली, असं मला वाटलं. परतलो तर बायकोने चाकवत कुकरला लावलेला, आणि ओट्यावर सुई नाही.

भाजी घोटून झाली, तशी ती गोधडीकडे वळली.

"अहो, सुई कुठेय? दोरा नुसताच लोंबतोय."

"तूच ठेवली असशील कुठेतरी," माझ्या तोंडून निघून गेलं.

मुलगा कामाच्या खोलीतून बाहेर आला. "आई, परात इथेच होती ना? भाजीत तर नाही गेली?"

नात वाटी घेऊन टेबलाशी बसली होती. मी पातेलं ओढून घेतलं आणि सगळी भाजी गाळणीतून गाळली. काही निघालं नाही. तरी मुलाने भाजी फेकून दिली.

"आई, तुला आता नीट दिसत नाही. मान्य कर ना, यार."

दुसऱ्या दिवशीपासून स्वयंपाकाला बाई येऊ लागली. बायको मात्र गोधडी उसवत बसली. सुई आत राहिली आणि नातीला टोचली तर, एवढंच म्हणायची. एकेक शिवण, एकेक थर. तिसऱ्या दिवशी मी बर्नर उचलला तर खालच्या ताटलीत सुई. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. तेव्हा गोधडीची शेवटची बाजू उसवायची राहिली होती. मी तिला चहा करून दिला.

मागच्या आठवड्यात स्वयंपाकाची बाई आली नाही. बायकोने चाकवताची जुडी सोडली, तशी नात म्हणाली, "आजी, तू नको बनवू. तुझी सुई गिर जाती है."

बायको हसली आणि जुडी परत बांधायला लागली.

"सुई मी घेतली होती," मी म्हणालो. "बर्नर साफ करायला."

तिने मान वर केली नाही. "सापडली?"

"तिसऱ्या दिवशी."

"मी उसवत होते तेव्हा?"

"हो."

तिने जुडीच्या दोऱ्याची गाठ मारली. मग म्हणाली, "मलासुद्धा खरं वाटायला लागलं होतं हो. स्वतःच्याच हातांची भीती वाटायची." जुडी बाजूला ठेवली. "मला सांगून काय उपयोग? आत जा, त्याला सांगा."

मी मुलाच्या खोलीचं दार वाजवलं.

"बाबा, कॉलवर आहे. अर्जंट आहे का?"

आजवर या प्रश्नाला मी नाही म्हणत आलो आहे.

"हो," मी म्हणालो.

त्याने हेडफोन काढला. मी नातीलाही हाक मारली, कारण तिनेही ते ऐकायला हवं होतं.