शुभांगी खरं बोलत होती

ईरा, नील — हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही. आजोबांनाही नाही, गेल्या वर्षी ते गेले, तोवर रोज समोर बसून चहा घ्यायचे, तरी नाही.

इंग्रजीत लिहिणार होते. तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला सगळं नीटनेटकं मांडता येतं — आणि तसं मांडलं की ते दुसऱ्याच कुणी केलं असं वाटायला लागतं. म्हणून मराठीत. सावकाश वाचा.

निवृत्तीनंतर मी परळच्या एका संस्थेत जायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे. बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं — मुलं कसली, पंचविशी-तिशीची माणसं. मी त्यांना त्यांचे हक्क शिकवायचे, चित्रांचे तक्ते लावून. मला नको, असं म्हणता येतं. मला कोंडून ठेवायचं नाही. कोंडलं तर विश्वासातल्या माणसाला सांगायचं. आणि माझं बोलणं खरं धरायचं.

शुभांगी पहिल्या बाकावर बसायची. भलती चौकस. "बाई, भेंडी नको म्हणायचा पण हक्क?"

"आहे."

"मग वहिनीला तुम्हीच सांगा!"

सगळा वर्ग हसला. मीही.

ती डिलाईल रोडच्या चाळीत वाढलेली. तिथे दार दिवसभर उघडं; आई गेल्यावरही कुणी ना कुणी शेजारीण डोकावायची. मग चाळ पाडली, टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर घर मिळालं. दादा-वहिनी दोघंही नोकरीला. संस्था नसेल त्या दिवशी बाहेरून कुलूप — सकाळी आठ ते संध्याकाळी सात. हे शुभांगीनेच मला सांगितलं, वर्ग सुटल्यावर, माझा पदर धरून. "बाई, मला कोंडतात. मी तुम्हाला सांगितलं." अगदी शिकवलं तसंच. आणि थांबून राहिली — मी आता काहीतरी करीन म्हणून.

मी काय केलं? वहीत तारीख घालून नोंद केली. संचालिकाबाईंना उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याला पंधरा दिवस झाले.

मग एके सकाळी तिचा दादाच तिला घेऊन आला. आदल्या दिवशी ती कुलूप लावू देईना, उंबऱ्यात आडवी बसली होती. "कोण शिकवतं हिला हे? उद्या लिफ्टमध्ये अडकली, रस्त्यावर गेली, तर तुमची संस्था येणार का बघायला? लेखी तक्रार करतो मी!" संचालिकांनी माझ्याकडे पाहिलं. शुभांगीनेही पाहिलं. ती — निर्धास्त होती. म्हणाली, "दादा, बाईंना विचार. बाईंना माहितीये."

इतकी वर्षं शाळेत शिकवलं, माझ्यावर एक शेरा नव्हता. तो तक्रारीचा कागद मला डोळ्यांसमोर दिसला, त्यावर माझं नाव. आणि मी म्हणाले — चांगल्या मऊ आवाजात म्हणाले — "असलं काही आम्ही शिकवत नाही. मला ती काही बोललेलीही नाही. ही मुलं मनाने रचतात हो, मनावर घेऊ नका."

ती रडली नाही. हळूच विचारलं, "मी रचलं का, बाई?" खरंच विचारत होती. तिला शंका आली होती — स्वतःचीच.

मी मान हलवली. होकारार्थी.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. म्हणजे आता कुलूप रोज. वहीतलं ते पान मी फाडलं — हो, तेही.

भीती गेली का? कुठे जाते! अग्निशमनाच्या गाडीचा भोंगा ऐकू आला की हातातलं टाकून मी खिडकीशी जाते. टॉवरच्या दिशेने धूर दिसतो का बघते. एकोणिसावा मजला, बाहेरून कुलूप. भोंगा विरला तरी पाय हलत नाहीत. ती मदतीसाठी कुणाला हाक मारेल? हाक मारेल तरी का?

गेल्या महिन्यात लालबागला मसाल्याच्या मिरच्या घ्यायला गेले होते. तिथे तिची वहिनी भेटली. पळावंसं वाटलं मला. पण तीच हसून पुढे आली. "शुभा आता शहाणी झालीय हो, बाई. काही मागत नाही, काही सांगत नाही. कुणी विचारलं तर म्हणते, मला नीट कळत नाही."

मी म्हटलं, "बरं झालं."

आणि मिरच्या निवडू लागले.